खंड पहिला

आमच्या गावात वैद्यकाचं एकच पुस्तक होतं,
तेही अर्धं.
नारिनहून आलेल्या ट्रकमधून
बुरुलकान आपानं ते उतरवून घेतलं,
ग्रंथालयाचा शिक्का मारला, पावतीवर सही केली,
आणि मग वाचलं पुठ्ठ्यावर: खंड पहिला.
दुसरा मागाहून येतोय, ड्रायव्हर म्हणाला,
सिगारेट पेटवली
आणि खिंडीच्या दिशेनं निघून गेला.

रशियन मुळाक्षरांच्या क्रमानं लावलेलं शरीर.
दात होते त्यात. रक्त, कावीळ, गोवर.
खोकल्याची अकरा पानं.
आतड्यांचं रंगीत चित्र पाहून
तुर्दुगुलनं दोन दिवस मेंढी कापली नाही.
शेवटची नोंद नाकाची.
नाकासमोर चालणारं गाव आमचं,
बराच काळ तेवढं पुरलं.

गरोदरपण होतं, नवव्या महिन्यापर्यंत सगळं;
बाळंतपण दुसऱ्या खंडात.
काल्यिपाला कळा सुरू झाल्या तेव्हा
'अधिक माहितीसाठी पाहा' इथवर आपानं मोठ्यानं वाचलं,
मग चष्मा काढला
आणि बाह्या वर सारल्या.
मुलगा झाला. हल्ली तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

त्या फेब्रुवारीत खिंड बंद होती.
माझे वडील, असीलबेक, घोड्याचं खोगीर शिवता शिवता थांबले
आणि दाभण हातातच धरून म्हणाले,
इथे कुणीतरी बसलंय.
इथे म्हणजे छातीवर.
आपानं शालीत गुंडाळून, बर्फातून, पुस्तक आणलं,
तान्हं मूल आणावं तसं.
घरात रशियन नीट वाचणारी मी एकटी,
वय वर्षं अकरा.

छाती सापडली:
बरगड्यांच्या बारा जोड्या, मधलं हाड,
श्वास घेताना पिंजरा कसा फुलतो त्याची आकृती,
आणि तळाशी, पाहा: हृदय.

आमच्या भाषेत हृदयाला जुरोक म्हणतात.
आमच्या भाषेत पुस्तक असतं
तर ते पहिल्याच खंडात आलं असतं, पोटाच्या आसपास.
रशियनमध्ये ते सेर्द्त्से,
नाकाच्या कितीतरी पलीकडे.

म्हणून मग मी पोट वाचलं.
कोमट पाणी, चिमूटभर खायचा सोडा,
उजव्या कुशीवर झोपवावे.
वडील एकेक गोष्ट मुकाट्यानं करत गेले,
मी वाचतेय म्हणून.
पहाटेपर्यंत.

काल, गुडघा दाखवायला बिश्केकला आले होते
(गुडघा पहिल्या खंडात आहे, मला पाठ आहे),
तर बाजारात, जुन्या कुलुपांच्या ढिगाशेजारी
तोच हिरवा पुठ्ठा. खंड दुसरा.
शिक्का सारी-बुलाकच्या ग्रंथालयाचा,
खिंडीपलीकडचं गाव.
आमच्या प्रतीचा क्रमांक चारशे बारा,
हिचा चारशे तेरा.
गावं दोन, संच एक;
ज्यानं वाटणी केली
त्याला त्या रात्री शांत झोप लागली असणार.

हृदयाचं पान काढायला मला चाळीस वर्षं लागली
आणि मग अर्धं मिनिट.
रुग्णास टेकवून बसवावे. गळ्याची बटणे सोडावीत.
खिडकी उघडावी.
ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

एवढंच.
म्हणजे खिडकी उघडता आली असती.

पुस्तक मिटता मिटता न्यूमोनिया लागला.
तळाशी छापलेलं, खोकला: पाहा, खंड पहिला.
त्यापुढे शिसपेन्सिलीनं, वळणदार पण घाईत,
कुण्या पोराच्या अक्षरात:
कुठे आहे?

कुलूपवाल्याची पेन्सिल मागून घेतली
आणि त्याखाली आमच्या गावाचं नाव लिहिलं.
तो म्हणाला, बाई, लिहिलंत ना,
आता घ्यावं लागेल.